धाकटीची रंगखोली

आमच्या घरात एकदा निळा भात शिजला होता, आणि आम्ही तो खाल्ला होता.

आम्ही दोघी बहिणी, आणि दोघींत मिळून शाळेचे स्कर्ट दीड. मला आखूड झालेला स्कर्ट धाकटीला जायचा, आणि मला नवा मिळेपर्यंत आई तिच्या जुन्या लुगड्याचं काहीतरी शिवून द्यायची. त्याला स्कर्ट म्हणायचं धाडस शाळेत फक्त मीच करायची. बाप चिकूच्या वाडीत रोजावर होता. पावसाळा सरला की आई लोकांच्या माळावर गवत कापायला जायची, आणि गवत संपलं की दोघंही वीटभट्टीवर. तलासरीकडच्या आमच्या पाड्यात सगळ्यांचंच असं होतं, त्यामुळे आपण गरीब आहोत असं कोणी मुद्दाम बोलत नसे. भिंती कारवीच्या, छप्पर पेंढ्याचं, आणि मोठं पातेलं एकच.

त्या वर्षी धाकटीकडे जाणारा माझा स्कर्ट इतका विटला होता, की निळा म्हणायला जीभ रेटेना. बाप वाणगावला कामाला गेला होता, त्याच्याकडून आईने बाजारातली रंगाची पुडी मागवली. मीठ घातलेलं पाणी उकळवलं, पुडी सोडली, स्कर्ट बुडवला आणि काठीने तासभर ढवळला. पातेलं तेच, भाताचं. नंतर तिने ते राखेने घासघास घासलं, पण जर्मनच्या पातेल्याला पोचे आणि ओरखडे फार. दुसऱ्या दिवशी भात आभाळासारखा उतरला.

"आज आभाळ खातोय आपण," बाप म्हणाला आणि पहिला घास त्यानेच घेतला. टाकून देण्याइतका भात आमच्याकडे कधीच नसायचा.

कपड्याच्या रंगाचं भांडं पुन्हा अन्नाला वापरायचं नसतं, कितीही घासलं तरी, हे मी पुढे शिकले. त्या दिवशी मला भाताचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं ते स्कर्टाचं. धाकटी शाळेत गेली ती गडद निळा, कोरा करकरीत दिसणारा स्कर्ट घालून. माझ्याच कमरेवरून उतरलेला. आणि मी तिच्या शेजारी लुगड्याच्या तुकड्यात. बाई म्हणाल्या, "अरे वा, धाकटीला नवा घेतला वाटतं!"

माझं जळणं तिथून सुरू झालं. ते मी कधी लपवलं नाही, आताही लपवत नाही.

मी शिकले. हे मी मान वर करून सांगते, कारण आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीचा पेपर कोणी हातात धरला नव्हता. पहाटे जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून, मग दुसरी गाडी पकडून डहाणूच्या कॉलेजात जायची. २०१५ साली मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. पाड्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हणजे डॉक्टर का?" मी नाही म्हटलं. "मग मास्तरीण?" तेही नाही. "मग येवढी वर्षं जीपमध्ये काय करत होतीस?"

धाकटीला मात्र असं कोणी विचारत नव्हतं. ती आदल्या वर्षी दहावीत गणितात गेली आणि पंधरा दिवस रडून अच्छाडच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या एका डाइंगमध्ये कामाला लागली. डाइंग म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. पांढऱ्या कापडाचे तागे आत जात आणि रंगीत होऊन बाहेर येत. शेजारच्या कागदवाल्याला रंगीत पुठ्ठा करायला लागणारा रंगही तिथूनच मोजून जायचा.

ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा बायका तिचे हात बघायला ओट्यावर जमत. "आज काय?" "आज मोरपंखी." "काल?" "काल तो, रानी." तिच्या हातांवर त्या दिवशीचा रंग असायचा, नखांच्या कडेने, तळव्याच्या रेषांमध्ये. कुणाच्या मेंदीचं होत नसेल तेवढं कौतुक. जत्रेला जायचं असलं की ती कारखान्यातलं ब्लीच बाटलीत आणायची आणि हात चोळून पांढरे करायची. मग कातडी फाटायची, त्यावर खोबरेल. मी म्हणायची, "ब्लीच कापडाचा रंग खातं, तुझी कातडी त्याला कापडच वाटते. साबण लाव, राहिला रंग तर राहू दे." ती म्हणायची, "ताई, तुझ्या हाताला रंग लागत नाय म्हणून सांगतेस." आणि बायका हसायच्या.

तिच्या पगारातून पहिल्याच वर्षी पेंढा गेला आणि पत्रे आले. आई प्रत्येक पाहुण्याला वर बोट करून सांगायची, "माझ्या धाकटीचे पत्रे." शेवटच्या वर्षाचा अभ्यास मी त्याच पत्र्यांखाली बसून केला, हे खरं आहे. पण पाऊस पडला की पत्रे वाजतात आणि अख्ख्या पाड्याला ऐकू जातात. डिग्री वाजत नाही.

पास झाल्यावर वर्षभर मी नोकरी शोधली. शाळांनी बीएड मागितलं, वापीच्या कारखान्यांनी अनुभव मागितला. शेवटी २०१६ मध्ये मला नोकरी लागली ती धाकटीच्याच डाइंगमध्ये, लॅबमध्ये. गिऱ्हाइकाने दिलेल्या कापडाच्या तुकड्यावरची छटा बरोबर जुळवायची, त्यासाठी कुठला रंग किती लागेल ते काढायचं. काम मला आवडलं. फक्त गेटवरचा माणूस मला विचारायचा, "तू तिची बहीण ना?" थोरली मी, पदवीधर मी, आणि ओळख तिची बहीण म्हणून.

त्याच उन्हाळ्यात धाकटीला रंगखोलीची चावी मिळाली. रंगखोलीत भुकटीचे डबे आणि पिंपं असत. लॅबमधून चिठ्ठी गेली की तिने काट्यावर भुकटी मोजायची, बादलीत ओतायची आणि यंत्रावर पाठवायची. रंग महाग, त्यामुळे चावी विश्वासाच्या माणसाकडेच. ती ओढणीच्या टोकाला चावी बांधायची आणि चालताना मुद्दाम वाजवायची. मुद्दामच. मला माहीत आहे ना तिची चाल.

खोलीला खिडकी एकच आणि तीही बंद, वाऱ्याने भुकटी उडून माल कमी भरतो म्हणून. आत घाम निथळायचा. एक दिवस कारखान्याचे मालक, गुजराती शेठ, स्वतः आले आणि त्यांनी खोलीत छताचा पंखा लावून दिला.

"आ छोकरी अमारी रंगखोलीनी लक्ष्मी छे," शेठ म्हणाले. "एला गरमीमध्ये त्रास नाय व्हायला पायजे."

आमच्या लॅबला पंखा नव्हता. मी फाइलने वारा घेत छटा जुळवत होते आणि समोरच्या दारातून मला तिचा पंखा गरगर फिरताना दिसायचा. त्या उन्हाळ्यात मी जितकी त्या पंख्यावर जळले तितकी कशावरच जळले नाही.

संध्याकाळी सुटताना रंगखोलीच्या माणसांना गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की घशातला रंग पोटात उतरतो आणि छाती साफ राहते, असं सगळे मानत. लॅबला गूळ नव्हता. धाकटी तिचा खडा घरी आणून आईला द्यायची, आई अर्धा मला द्यायची, आणि मी "नको" म्हणायची. मग आई म्हणायची, "हिचं तोंडच कडू, गूळ काय करणार."

जळणाऱ्या माणसाचं एक असतं. तो ज्याच्यावर जळतो त्याच्याकडे जेवढं बघतो, तेवढं त्याची आईसुद्धा बघत नाही. धाकटी किती हसली, किती जेवली, कोण तिच्याशी काय बोललं, सगळं मला पाठ. म्हणून ती खोकायला लागली तेव्हा ते पहिल्यांदा मला कळलं. आणि दुसरी गोष्टही मलाच कळली, की शुक्रवारी ती खोकत नाही. आमच्या डाइंगची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी छातीत शीळ वाजायची, शुक्रवारी दुपारपर्यंत ती थांबायची, आणि शनिवारी काम सुरू झालं की संध्याकाळी पुन्हा हजर.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "धुळीने होतं. हायवेला किती धूळ."

"धूळ शुक्रवारी सुट्टीवर जाते का?"

"तुझं ना, तिच्या खोकल्यावर पण लक्ष," आई म्हणाली.

२०१७ च्या उन्हाळ्यात धाकटीला स्थळ आलं. मुलगा नरपडचा, आंब्या-चिकूची कलमं बांधणारा, हाताला कसब असलेला. आधी माझं व्हायला हवं होतं, पण पदवीधर मुलीला कोण विचारणार अशी सगळ्यांची खात्री पटलेली. मी म्हटलं, करा धाकटीचं. वरवर म्हटलं.

साखरपुड्याच्या आधीच्या आठवड्यात आईने तांदळाचे पापड घातले. पाहुण्यांसाठी, आणि नरपडला पाठवायला. दुपारपर्यंत बसून तिने पांढरेशुभ्र पापड करून अंगणात खाटेवर साडी अंथरून वाळत टाकले. तीन-साडेतीनला धाकटी कामावरून त्या दिवशी लवकर सुटून आली. मी त्या दिवशी रजेवर होते. थोड्या वेळाने आई पापड उलटायला गेली आणि किंचाळली.

पापडांवर ठिपके उठले होते. मोरपंखी, लाल, नारिंगी. कुठे मोहरीएवढे, कुठे भोवतीने ओल शोषून पसरलेले, चांदण्यांसारखे. खाटेच्या एका बाजूचे सगळेच पापड गेले.

आईने इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे आली.

"तूच केलंस."

"मी?"

"लॅबमधून रंग आणलास आणि टाकलास. तिचं लग्न ठरलं ते बघवत नाय तुला. लहानपणापासून बघतेय मी."

बाप दारात बसून चिंचा सोलत होता. तो म्हणाला, "पापडावर कशाला टाकेल गं ती? जळायचं तर तिच्यावर जळेल, पापडांनी काय केलंय तिचं?"

आईचं अर्धं खरं होतं. बघवत नव्हतंच. पण रंग मी टाकला नव्हता. मी खाटेकडे बघत राहिले. खराब झालेली बाजू तुळशीकडची. आणि रोज कामावरून आली की धाकटी तुळशीजवळ उभी राहून ओढणी काढायची आणि दोन हातांनी फाडकन झटकायची. ती ऐट मला पाठ होती. किती वेळा मनात म्हटलं होतं, झटकते तर अशी जशी राणीच.

आईच्या पातेल्यात पापडांचं पीठ थोडं उरलं होतं. मी ते ताटात ओतलं, पाणी घालून सारखं पसरलं. आत खुंटीवरची धाकटीची ओढणी काढली आणि आईच्या हातात दिली. "तूच झटक. माझा हात लागायला नको."

आईने रागाने झटकली. काहीच पडलेलं दिसलं नाही. ती "बघ" म्हणणार तेवढ्यात ताटातल्या पांढऱ्या पिठावर एक ठिपका उमलला, मग दुसरा, मग कितीतरी. मोरपंखी, लाल, नारिंगी. कोरडी असते तोवर ती भुकटी इतकी बारीक असते की हवेत दिसत नाही. ओल लागली की रंग दाखवते.

आई ताटाकडे बघत म्हणाली, "हे एवढं तिच्या ओढणीत असतं?"

"ओढणी तिच्या नाकाला बांधलेली असते दिवसभर," मी म्हटलं. "ओढणीत एवढं, तर छातीत किती ते तूच सांग. आणि छाती ओलीच असते."

तोवर धाकटी न्हाऊन आली होती. तिने ताट बघितलं, मला बघितलं. मी तिला म्हटलं, ती खोली सोड, शेठला मी सांगते.

"तुला चावी पायजे," ती म्हणाली.

"चावीचं काय घेऊन बसलीस?"

"पंखा लागला तेव्हा तुझं तोंड मी बघितलं नाय असं वाटतं तुला? तुला माझं काहीच बघवत नाय. स्कर्टसुद्धा बघवला नव्हता. आणि आता साखरपुडा तोंडावर आलाय आणि तू म्हणतेस, हिला दम लागतो. नरपडला कळलं तर ते म्हणतील टीबी. मोडेल लग्न. तेच पायजे ना तुला?"

ती माझ्यावर ओरडत होती आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. मी मनात म्हटलं, हिला माझं सांगणं कधीच पटणार नाही. खरं सांगणारं माणूस जळकं असलं की खरंसुद्धा जळकं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर रंगखोलीतले डबे नीट बघितले. बऱ्याच डब्यांवर एक चित्र छापलेलं असतं, लाल चौकटीत माणसाची काळी आकृती आणि तिच्या छातीवर फुटलेली चांदणी. आमच्या डाइंगमध्ये त्या रंगांना सगळे पहिलवान छाप म्हणत. छातीत तारा म्हणजे दमदार, पक्का रंग, धुऊन जाणार नाही असा. धाकटी नवीन पोरींना तसंच शिकवायची, "पहिलवानवाला घे, तो उतरत नाय." आणि गंमत म्हणजे रंग खरंच पक्के होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. चित्राखालची बारीक इंग्रजी मी लॅबमध्ये रोज डबे हाताळूनही कधी वाचली नव्हती; मला फक्त रंगाचा नंबर लागायचा. त्या दिवशी वाचली. श्वासावाटे आत गेल्यास दमा होऊ शकतो, असं लिहिलेलं होतं. चांदणी ही छातीची ताकद नव्हती, छातीला काय होतं ते दाखवलेलं होतं.

मी डबा उचलून धाकटीकडे गेले आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इंग्रजी तुझी, तू काय पण वाचशील."

साखरपुडा झाला. त्यासाठी ती चार-पाच दिवस घरी होती, आणि त्या दिवसांत तिच्या छातीतली शीळ गेली. नरपडच्या बायकांबरोबर फुगडी घातली तिने. सासू तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "आमच्या घरात आवाज आणशील तू." मी पाणी देत होते. मला कोणी हात फिरवला नाही.

परत कामावर आली त्या दिवशी रंगखोलीत नवीन पिंप फोडायचं होतं. पंखा चालू. दुपारी मी लॅबमधून बघितलं तर ती दाराच्या चौकटीला धरून वाकलेली, खांदे वरखाली होतायत, ओठ काळेनिळे. तिच्याकडे धावत पोहोचले तेव्हा ती बोलू शकत नव्हती. तिने फक्त माझा दंड धरला. शेठच्या टेम्पोतून आम्ही तिला डहाणूला नेलं. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी, एवढी वर्षं तिच्यावर जळणारी, देवाला एकच सांगत होते, हिचं सगळं राहू दे हिच्याकडेच, पण श्वास काढू नको.

तिला वाफेचं औषध दिलं, श्वास मोकळा झाला. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कसं असतं?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं.

"शुक्रवारी दुपारी थांबतं," मी म्हटलं. "शनिवारी संध्याकाळी सुरू होतं. साखरपुड्याला घरी होती तेव्हा नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात पंखा लागला, त्यानंतर वाढलं. पहिले फक्त खोकला होता, आता जिना चढताना शीळ वाजते. मोरपंखी रंगाचं काम असेल त्या दिवशी जास्त."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हिच्यावर एवढं लक्ष कशाला ठेवता?"

मी काही म्हणायच्या आत धाकटीच म्हणाली, "जळते माझ्यावर." आणि हसली. दम लागेपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण ती सांगते ते खरं हाय."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. टीबी नाही. भुकटीशी हिच्या छातीचं कायमचं वाकडं झालंय. आता चिमूटभर गेली तरी छाती आवळणार, म्हणून तोंडाला मास्क बांधूनसुद्धा त्या खोलीत परत पाठवायचं नाही. लांब राहिली तर सुधारेल.

नरपडला सांगायला आई घाबरत होती. मी गेले. सासूबाईंना ओट्यावर बसून सगळं सांगितलं, ठिपक्यांपासून. त्या चिकू निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "म्हणजे दम रंगाचा हाय, पोरीचा नाय. रंग सोडला की झालं. एवढंच सांगायला आलीस?" मग मला विचारलं, "आणि तू शिकलेली ना? तू काय करत होतीस तिथे?"

हे मला लागलं.

सोमवारी मी शेठसमोर उभी राहिले.

"जो बेन," शेठ म्हणाले, "एटला वरसथी धंधा चाललाय, कुणाला काय झाला नाय. गूळ आपण देतो ना?"

"गूळ घशात जातो, शेठ. भुकटी छातीत जाते. दोन्हींचे रस्ते वेगळे."

"तो शुं करुं? पंखा तर मी दिला."

"पंखाच आधी काढा."

मी लॅबचे गाळणकागद पाण्यात भिजवून रंगखोलीच्या चार कोपऱ्यांत टांगले होते, पंखा चालू ठेवून. ते काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवले. पाचवा कागद शेठच्या स्वतःच्या खोलीत टांगलेला होता. त्यावरही मोरपंखी ठिपके होते. शेठने तोच कागद उचलून बघितला आणि स्वतःच्या छातीला हात लावला.

काम एका दिवसात झालं नाही. पंखा गेला. काट्याच्या वर पत्र्याची चोच बसवली, ती हवा हळू मागे खेचून गाळून बाहेर सोडते. भुकटी उंचावरून ओतायची नाही, लांब दांड्याच्या पळीने डब्याच्या तोंडाशी नेऊन सोडायची आणि लगेच पाण्यात कालवायची, म्हणजे उडणं संपलं. झाडू बंद, ओलं फडकं सुरू. ओढणी नाकाला बांधायची नाही, गाळणीचा मास्क लावायचा. कामाचे कपडे कारखान्यातच धुवायचे, घरी न्यायचे नाहीत. हाताला ब्लीच नाही, साबण. आणि खोलीत खाणं नाही, गूळसुद्धा नाही. गुळासाठी पोरींनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. मग मी शेठला गूळ बाहेर, हात धुतल्यावर द्यायला लावला. तेव्हा बोलल्या.

धाकटीला तयार कापडाच्या घड्या घालायच्या विभागात हलवलं, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि रंगखोलीची चावी माझ्याकडे आली.

पाड्यात काय बोलणं झालं ते सांगायला नको. "शेवटी थोरलीने धाकटीची चावी उपटलीच." मी ओट्यावरून मोठ्याने म्हटलं, "उपटली. तुमच्या पोरींपैकी कोणाची उपटायची असेल तर सांगा."

नवी खोली सुरू करायच्या दिवशी शेठने नारळ आणला. मला वाटलं, माझ्या हातात देतील. चोच कुठे बसवायची ते मी आखलं होतं, पळीचा दांडा किती लांब ते मी ठरवलं होतं. शेठने नारळ धाकटीला दिला. "आ छोकरीला त्रास झाला म्हणून आपल्याला समजलं. लक्ष्मी छे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने दाराबाहेरच उभं राहून नारळ फोडला, कारण आत जायला तिला मीच बंदी केली होती. पाणी उडालं ते माझ्या अंगावर. मी त्या दिवशी जेवले नाही.

२०१८ मध्ये तिचं लग्न झालं. सासू तिला डोक्यावर घेऊन नाचते. आई अजून पत्र्याकडे बोट करते. नरपडहून तिचा फोन येतो तेव्हा मी मुद्दाम थोडा वेळ उचलत नाही, आणि मग बारकाईने ऐकते, ती काय सांगते ते नव्हे, दोन वाक्यांच्या मध्ये श्वास कसा घेते ते.

२०१९ संपता संपता मी त्या डाइंगची रंगखोली आणि लॅब दोन्हींची प्रमुख झाले. त्या पदावरची पहिली बाई आणि आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर. खोलीत टांगलेले ओले कागद आता पांढरेच राहतात. तिथे काम करणाऱ्या कोणालाही दम लागलेला नाही. धाकटी त्या खोलीत पुन्हा गेली नाही, आणि गेलं वर्षभर तिला दम्याच्या औषधाची गरज पडलेली नाही.